दर दोन तासांनी

पडद्यावर निळे खांब ओळीने चढत गेले होते. पहिला चाळीसचा, दुसरा साठचा आणि तिसरा, जरा गडद, शंभरचा. "बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेशक्षमता पुढच्या टप्प्यात शंभर. त्यानंतर एम.एस्सी., मग पीएच.डी.चं केंद्र," असं म्हणून संस्थेच्या सचिवांनी आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडे म्हणजे समितीकडे. विद्यापीठाला पाठवायच्या पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्यासाठी बाहेरचे दोन तज्ज्ञ हवे होते, त्यातली एक मी. सेवानिवृत्त झाल्यावर माणूस आपोआप तज्ज्ञ होतो. पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, म्हणून एकवीस वर्षं काढली, तेव्हा मला अशा बैठकीत फक्त चहाचे कप मोजायला पाठवत.

मी विचारलं, "बेड किती?"

"बेडचं होऊन जाईल, मॅडम. सरकारी रुग्णालयाशी आपला करार आहे."

"किती लांब आहे?"

"सव्वीस किलोमीटर. आपल्या दोन बस आहेत ना."

सचिव माणूस वाईट नव्हता. इमारत चांगली बांधली होती, मुलींच्या वसतिगृहात गरम पाण्याची सोय होती, ग्रंथालयात पुस्तकं खरोखर उघडलेली दिसत होती. पण मला जुनी खोड आहे. मी आराखड्याच्या समासात गुणाकार करायला लागले. नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत विद्यार्थी आणि रुग्णांचं प्रमाण एकास तीन आहे, शिक्षक आणि विद्यार्थ्यांचं एकास दहा. शंभर मुलं, चार वर्षं, म्हणजे चारशे. सगळे एकदम वॉर्डात नसतात, निम्मे धरू. दोनशे मुलांना सहाशे रुग्ण हवेत. ज्या सरकारी रुग्णालयाशी करार होता तिथे आणखी दोन कॉलेजांची मुलं येतात, हे मला माहीत होतं. तिथल्या एकेका खाटेभोवती तीन रंगांचे युनिफॉर्म उभे असतात. मागे एकदा तिथे गेले होते, तेव्हा मेडिसिनच्या वॉर्डातले एक आजोबा मला म्हणाले, "बाई, सकाळपासून सात पोरींनी बीपी घेतलं. आठवीनं हात मागायचा नाही, मीच आकडा सांगतो."

बैठक पुढे सरकली. माझं लक्ष मात्र खांबांवरून उडून थेट १९८१ सालच्या एका रात्रीवर गेलं.

डिप्लोमाचं माझं दुसरं वर्ष होतं. जिल्हा रुग्णालयातला स्त्री-सर्जिकल वॉर्ड, चाळीस खाटा, आणि खाटांच्या मधल्या जागेत सतरंजीवर आणखी अकरा-बारा बायका. रात्रपाळीला मी एकटी. शिकाऊ म्हणायचं आणि अख्खा वॉर्ड गळ्यात घालायचा, अशी तेव्हाची रीत होती. राउंडला इनचार्ज सिस्टर आल्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये तयार झालेल्या, बुटक्या, पायात कापडी बूट, त्यामुळे त्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या एका म्हातारीच्या खाटेशी त्या थांबल्या.

"पाठ बघितलीस?"

"हो सिस्टर. लाली नाही."

"कशी दिसेल?" त्या म्हणाल्या. "इकडे ये. पालथा हात दे."

त्यांनी माझा हात धरून म्हातारीच्या कमरेखाली, माकडहाडाच्या बाजूला सरकवला. तळवा नव्हे, बोटांची मागची बाजू. मग तोच हात वर, खांद्याच्या पात्याजवळ. मग पुन्हा खाली. खालची जागा ऊन होती आणि किंचित घट्ट. भाकरीच्या पिठात पाणी कमी पडलं की जसं लागतं, तसं.

"पुस्तकातली बाई गोरी असते," सिस्टर म्हणाल्या. "आपल्या माणसांच्या पाठीवर लाल शोधत बसशील तर जखम उघडल्यावर कळेल. ऊब शोध."

आम्ही दोघींनी म्हातारीला कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी दिली, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली चादर ठेवली. सिस्टरांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि चार वाजता पुन्हा, एवढंच म्हणून पुढच्या खाटेकडे गेल्या. मी चारला गेले, सहाला गेले. म्हातारी दोन्ही वेळा मला शिव्या देत होती, कारण झोप मोडत होती.

ही गोष्ट मी वर्गात इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या विद्यार्थिनी मला मागून 'उलटा हात मॅडम' म्हणायच्या. पण वर्गात सांगताना पुढचा भागही सांगावा लागतो. तो सांगितला नाही तर ती नुसती जुन्या दिवसांची पोथी होते.

पुढचा भाग असा. त्याच वॉर्डात आम्ही पेशंटच्या पाठीला स्पिरिट लावून, पावडर टाकून जोरजोरात चोळत होतो. लाल झालेल्या, हाडावरच्या जागेला तर जास्तच. का, ते कुणी विचारत नव्हतं. आमच्या सिस्टरही चोळायच्या. बऱ्याच वर्षांनी अभ्यासरजा घेऊन पदवी करायला विद्यापीठात गेले, तेव्हा कळलं की आधीच दुखावलेल्या जागी चोळण्याने आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फाटतात. तिथेच डोरीन नॉर्टन हे नाव पहिल्यांदा वाचलं. ही ब्रिटिश नर्स. तिने वृद्ध रुग्णांवर काम करून १९६२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. कोणत्या रुग्णाला बेडसोअरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचा, धोका जास्त, हे गुण देऊन ठरवण्याची पट्टी तिने बनवली आणि पाठीला काय लावता यापेक्षा पाठीवरचा भार वेळेवर हलवता का, हे महत्त्वाचं आहे असं दाखवून दिलं. मी १९८१ साली स्पिरिटची बाटली हातात घेऊन उभी होते, तेव्हा ते काम छापून १९ वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्यात ते पोचवणारं कुणी नव्हतं, कारण आम्ही विद्यार्थिनी कमी आणि फुकटचे हात जास्त होतो. हातांना कोण वाचायला देतं?

म्हणून विद्यापीठ नको, जुनी हॉस्पिटलातली शाळाच बरी, असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मैत्रिणींशी माझं भांडण होतं. त्यांना टोपी आठवते, कडक इस्त्रीची कॉलर आठवते. रात्री एकावन्न पेशंट आणि एक पोर, हे त्या विसरतात.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा अख्ख्या देशात नर्स होत्या सात हजारांच्या आसपास, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. नर्सिंगची पदवी असावी, ही शिफारसही त्याच अहवालात आहे. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला बी.एस्सी. सुरू झालं. आपल्याकडे एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाने लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज काढलं ते १९६४ साली. चर्चगेटला उतरून न्यू मरीन लाइन्सच्या बाजूला चालत गेलं की विद्यापीठाचं आवार लागतं. बॉम्बे हॉस्पिटल तिथून हाकेच्या अंतरावर. लोक पाटकर हॉलमध्ये नाटकं-व्याख्यानं ऐकायला जातात, पण त्याच आवारात नर्सिंगचं कॉलेज आहे हे अनेकांच्या गावीही नसतं.

मला त्या कॉलेजचं अप्रूप आहे ते वेगळ्या कारणाने. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये विद्यापीठ काढलं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिल्यावर त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव त्याला मिळालं, हा इतिहास शाळेत असतो. शाळेत नसतो तो भाग असा, की त्याच काळात पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरवलं, तर केवढा गहजब झाला. शिकण्याला एव्हाना थोडीफार मान्यता मिळत होती. मास्तरीण चालत होती. पण परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, कुठल्याही जातीच्या माणसाचं, आणि तेही घरंदाज विधवेने? अडचण हाताची होती. त्या हाताच्या कामाला एका बायकांच्या विद्यापीठाने पदवीच्या रांगेत आणून बसवलं, पदवीदानाच्या दिवशी अर्थशास्त्रवालीच्या शेजारची खुर्ची दिली, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. 'संस्कृता स्त्री पराशक्तिः' हे विद्यापीठाचं ब्रीद मी अनेक ठिकाणी वाचलं आहे. पण बेडपॅन हातात घेतलेल्या मुलीच्या संदर्भात ते वाचलं की त्याला जरा वजन येतं.

पुढची वाढ सगळ्यांना दिसते आहे. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यभरातली नर्सिंग कॉलेजं त्याच्या छत्राखाली आली. एस.एन.डी.टी.चं मात्र आपल्याच घरात राहिलं. प्रवेशाला आता सीईटी आहे. २०२१ पासून अभ्यासक्रम आठ सत्रांचा आणि क्रेडिटचा झाला. केंद्राने २०२३ मध्ये १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं जाहीर केली, तीही २०१४ नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच. हा निर्णय मला आवडला, कारण त्यात बसचं भाडं नाही. त्याच वर्षी १९४७ चा जुना नर्सिंग कौन्सिल कायदा बाजूला ठेवून नव्या आयोगाचा कायदा संसदेने केला. आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. तेव्हापासून प्रत्येक आराखड्यात एक 'जर्मन भाषा कक्ष' असतो. या आराखड्यातही होता, पान अकरावर, डोक्यावर हेडफोन लावलेल्या मुलींच्या फोटोसकट.

जाऊ देत की मुली. मी काही त्यांना अडवणार नाही. खाजगी रुग्णालयात बारा-बारा तास उभं राहून हातात काय पडतं हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या दोन विद्यार्थिनींनी परदेशातल्या पगारावर गावाकडे घर बांधलं, त्या घराच्या वास्तुशांतीला मी जेवून आले आहे. मला फक्त एवढं कळत नाही, की आमच्या आराखड्यात जर्मनचा शिक्षक आहे, इंग्रजी संभाषणाचा आहे, आणि वॉर्डात मुलीच्या शेजारी उभं राहायला मात्र कुणी नाही.

हे कसं होतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना ते दिसत नाही. आपल्याकडे नर्सिंगच्या दोन शिड्या आहेत. एक वॉर्डाची: अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), मग परिसेविका (वॉर्डाची इनचार्ज सिस्टर), मग अधिसेविका (मेट्रन). दुसरी शिकवण्याची: पाठ्यनिर्देशिका आणि पुढे प्राध्यापक. एकदा दुसऱ्या शिडीवर पाय ठेवला की वॉर्ड सुटतो. मुलांना वॉर्डात नेणाऱ्या मॅडम हजेरी घेतात, केस बुक तपासतात, पण त्या वॉर्डात त्या पाहुण्या असतात. लिननच्या कपाटाची किल्लीसुद्धा त्यांना मागून घ्यावी लागते. आणि ज्या परिसेविकेकडे किल्ली आहे, तिच्या अंगावर पन्नास पेशंट. तिने शिकवावं असं कुणाच्या कागदावर नाही, शिकवलं तर त्याचा पैसा नाही. मुलं दोघींच्या मध्ये भिंतीला टेकून उभी. मी स्वतः एकवीस वर्षं ती पाहुणी होते. हातातली सवय पहिल्या पाचांतच गेली. एकदा विद्यार्थिनींसमोर आयव्ही लावताना तीनदा चुकले, आणि शेवटी वॉर्डातल्या बिनपदवीच्या सिस्टरने येऊन लावली. त्या दिवशी मला शंभर खांब दाखवले असते तरी मी मान वर केली नसती.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये या दोन शिड्या एकत्र बांधलेल्या आहेत. शिकवणाऱ्या प्राध्यापिकाच तिथल्या वॉर्डांच्या कारभाराला जबाबदार असतात. शिकवतात तेच करतात आणि चुकलं तर रुग्णाचे नातेवाईक त्यांनाच धरतात. नवीन अभ्यासक्रमांतला अतिदक्षता विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही मला म्हणून आवडतो. तो रेसिडेन्सीचा आहे, मूल आयसीयूतच वाढतं. बैठकीत मी हे दोन्ही मुद्दे मांडले. एम.एस्सी. काढा, अगदी पीएच.डी. काढा, पण वर्गातल्या मॅडमना एकेक वॉर्ड सांभाळायला द्या आणि वॉर्डातल्या सिस्टरला शिकवण्याचं मानधन द्या. सचिवांनी ते लिहून घेतलं. नंतर म्हणाले, "मॅडम, आपली सिम्युलेशन लॅब बघून घ्या ना."

लॅब खरंच सुरेख आहे. थंडगार. आमच्या शाळेत सरावाला एक बाहुली होती, एक हात खांद्यातून सैल झालेली. आम्ही तिला ठकूबाई म्हणायचो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तिला नमस्कार करायचो. इथली बाहुली श्वास घेते, तिची छाती वरखाली होते, बुबुळावर टॉर्च मारली तर डोळ्यातली बाहुली आकसते. मुलं तिच्यावर भराभर शिकतात आणि चुकली तरी कुणाला इजा होत नाही. ठकूबाईवर असं काही नव्हतं, तेव्हा आमच्या चुका सगळ्या जिवंत माणसांवर झाल्या. हे मान्य केलं पाहिजे. मी तिच्या कमरेखाली पालथा हात घातला. सवय, दुसरं काय. रबर सगळीकडे सारखंच गार होतं.

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल महाराष्ट्राला सांगायला नको. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधला सगळा काळ त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला, तेव्हा घरोघरी वाद झाले. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र चर्चा एका वेगळ्याच ओळीवर चालली होती. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून असूनही त्यांना एकही बेडसोअर झालेला नाही, असं रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं होतं. पुढे त्या गेल्या, तेव्हाही मी समासात गुणाकार केला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटलं तर साडेएकेचाळीस वर्षांत एक लाख ऐंशी हजारांच्या वर वेळा. या काळात कितीजणी भरती झाल्या, कितीजणी रिटायर झाल्या. प्रत्येक नवीन मुलीला तो हात जुनीने दाखवला असणार, त्याच खाटेशी उभं राहून. याचं प्रमाणपत्र नाही आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही.

बैठक तीनला संपली. मानधनाचं पाकीट आणि शाल मिळाली. माझी गाडी शहरातूनच होती, म्हणून कॉलेजच्या बसने सरकारी रुग्णालयापर्यंत आले. दुपारच्या पोस्टिंगची मुलं वॉर्डात होती. ऑर्थोच्या वॉर्डात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा परभणीच्या बाजूचा निघाला, चुणचुणीत, बोलताना ताठ उभा राहणारा. त्याच्याकडे खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी दिल्या होत्या. मी खाटेच्या पायथ्याचा चार्ट उचलला. पोझिशन बदलली: आठ, दहा, बारा, दोन, चार. पाचही खुणा एकाच पेनाने, एकाच तिरकस वळणाने, एका बैठकीत केलेल्या.

"या खुणा तुझ्या?"

"नाही मॅडम, सकाळच्या बॅचच्या असतील." तो जरा थांबला. "चारची माझी."

"हात दे. पालथा."

त्याने दिला. आजींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी म्हटलं, "आजी, हा पोरगा जरा पाठ बघतोय हं." त्याचा हात खाली सरकवला, मग खांद्याकडे, मग परत खाली. त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. कळलं तेव्हा त्याच्या भुवया किंचित वर गेल्या.

"गरम आहे, मॅडम."

"आणि?"

"थोडं कडक."

आम्ही दोघांनी आजींना वळवलं. ऑपरेशनची बाजू सांभाळून, उशी पायांमध्ये ठेवून. त्याने चादरीची सुरकुती स्वतःहून ताणून काढली, ती मी सांगितली नव्हती. आजी म्हणाल्या, "हां, आता बरं वाटतंय."

मी घड्याळ पाहिलं. पाचला पाच कमी होते.

"सातच्या आत परत कूस बदलायची. कोण बदलेल?"

त्याने वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. एकच सिस्टर, टेबलाशी, दोन डिस्चार्ज कार्डं एकदम लिहीत होती. मग खिडकीकडे पाहिलं. खाली गेटजवळ बसचा ड्रायव्हर इंजिन तापवत होता.

"मॅडम, आमची बस साडेपाचला सुटते," तो म्हणाला.